संबंधित शब्दाच्या उगमाबाबत

आमच्या वजनमापे कार्यालयात गेल्या वर्षी एका तपासनिसाच्या डाव्या पायावर वीस किलोचे प्रमाणित वजन पडले. घटना साधी होती. वजने असली की ती कधीतरी पडणार आणि पाय असले की ते कधीतरी खाली असणार. अशा प्रसंगासाठी अपघात नोंदीचा छापील नमुना आहे. त्यात चौदा रकाने आहेत, आणि आस्थापना शाखेचा अधीक्षक या नात्याने मी ते बावीस वर्षे तपासत आलो आहे.

त्यातला अकरावा रकाना असा आहे: 'अपघातसमयी अपघातग्रस्ताने उच्चारलेले शब्द.' हा रकाना कोणी आणि का घातला हे आज कोणालाच माहीत नाही. ज्याने घातला तो निवृत्त झाला, ज्याने मंजूर केला तो वारला आणि ज्याने छापला त्याने वाचला नव्हता. पण रकाना आहे म्हटल्यावर तो भरावा लागतो, आणि आमच्याकडे तो भरण्याची एक चांगली रीत पडून गेली आहे. त्यात 'निरंक' असे लिहायचे. शिक्के मारायच्या यंत्रात एकाची दोन बोटे सापडली, निरंक. रखवालदाराच्या खांद्यावर अख्खे लोखंडी शटर आले, निरंक. बावीस वर्षांत आमच्याकडे लागले पुष्कळांना, पण तोंडातून ब्र कोणी काढला नाही. कागदोपत्री आम्ही सगळे साधुसंत आहोत.

या तपासनिसाने मात्र त्या रकान्यात लिहिले: 'च्यायला (दोनदा, दुसऱ्यांदा हळू आवाजात).'

कार्यालयात त्याला सगळे काटेकोर म्हणत. ग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याचा फरक पडला तरी तो दुकानदाराचा काटा नामंजूर करायचा, मग दुकानदार त्याचा सख्खा मामा का असेना. आणि एकदा होताच. त्या दिवसापासून मामाने भाच्यासाठी मुली बघायचे सोडून दिले आणि हा बिनलग्नाचा राहिला. सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याला जगात एक आई होती, शहाहत्तर वर्षांची, बसने नऊ तासांवरच्या गावी एकटी राहणारी.

मी त्याला बोलावले. तो लंगडत आला.

"हे काय लिहिलंयस?"

"विचारलं होतं ते लिहिलं, साहेब."

"अरे, विचारलं म्हणून काय खरं सांगायचं? निरंक लिही आणि मोकळा हो."

"वीस किलो पायावर पडल्यावर निरंक कोण असतं, साहेब?"

"सगळे असतात. बावीस वर्षांचं रेकॉर्ड आहे माझ्याकडे."

"मग त्यांच्या पायावर कमी भरणारी वजनं पडली असतील," तो म्हणाला. "माझं बरोबर होतं. मी नंतर तपासून पाहिलं."

आता इथे त्याच्या बदलीची हकीकत सांगितली पाहिजे, कारण सगळे तिथेच अडले. आदल्या वर्षी त्याची आई न्हाणीघरात घसरून पडली आणि शेजारीण बघायला येईपर्यंत तीन तास तशीच ओल्या फरशीवर पडून होती. तेव्हापासून तो आईच्या गावच्या शाखेत बदली मागत होता. आईला इथे आणावे, तर त्याची खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि म्हातारी म्हणे, "मी मेल्यावर ने मला तिथे. तेव्हा जिना मला चढावा लागणार नाही." त्याने आठ अर्ज केले. आठवा मंजूर होऊन आदेश तयार झाला होता. फक्त 'कोणतीही चौकशी प्रलंबित नाही' असा दाखला जोडायचा होता, आणि तो दाखला माझ्या सहीने निघतो.

"हे वर गेलं तर चौकशी लागेल, बदली हातची जाईल," मी म्हणालो. "आईचा विचार कर."

त्याने पेन उघडले. मला वाटले, आला माणूस ताळ्यावर. कागदाकडे तो बराच वेळ पाहत राहिला, आणि मग त्याने पेनाला टोपण लावले.

"खोट्या कागदावर घरी गेलो, तर ती मला दारात उभं करायची नाही," तो म्हणाला आणि लंगडत निघून गेला.

माझ्या हातात काही नव्हते. म्हणजे होते, पण मी ते फार वेळ हातात ठेवत नसतो. कागद वर पाठवला.

वरून आदेश आला की सदर शब्दाचा अर्थ, उगम व परिणाम तपासण्यासाठी त्रिसदस्यीय समिती नेमण्यात येत आहे. अध्यक्ष आमचे उपनियंत्रकसाहेब, सदस्य भांडारपाल बाई आणि सदस्य-सचिव मी. बाईंना घेण्याचे कारण, विषय मातृत्वाशी निगडित होता आणि कार्यालयात बाई एकच होत्या. त्यांना मूलबाळ नाही हे नंतर लक्षात आले, पण तोवर आदेशाच्या प्रती निघाल्या होत्या.

पहिल्याच बैठकीत अडचण उभी राहिली. चौकशी ज्या शब्दाची, तो शब्द सभ्य फाईलमध्ये लिहायचा कसा? अध्यक्षांनी ठरवले की यापुढे सर्वत्र 'संबंधित शब्द' असे लिहावे. मग त्यांनी आईविषयी वीस मिनिटे भाषण केले. आई या दोन अक्षरांत सगळे विश्व सामावले आहे, आईच्या नावाने शिवी म्हणजे संस्कृतीच्या मुळावर घाव, वगैरे. मी इतिवृत्तात 'अध्यक्ष सद्गदित झाले' असे नोंदवून वेळ टाकली.

"साहेब, हा शब्द माझ्या तोंडात दिवसातून वीस वेळा येतो," भांडारपाल बाई म्हणाल्या. त्यांच्या ताब्यात जुनी, गंजलेली, जप्त केलेली सात हजार वजने आहेत आणि त्यांची दर तिमाहीला मोजणी असते.

"बाई, आता तुम्ही समितीत आहात."

"समितीत आल्यापासून चाळीस वेळा येतो."

पहिला अहवाल वर गेला, तेव्हा तिथून विचारणा झाली की 'संबंधित शब्द म्हणजे कोणता, याचा खुलासा व्हावा'. लेखी खुलासा करता येईना, म्हणून मला जातीने पाठवण्यात आले. नियंत्रकसाहेबांच्या केबिनचे दार लावून घेतले, वाकलो आणि त्यांच्या कानात शब्द सांगितला.

"च्यायला, एवढंच?" ते म्हणाले. "मला वाटलं, काहीतरी मोठं असेल."

मी परत येऊन 'वरिष्ठांनी आश्चर्य व्यक्त केले' अशी टिपणी ठेवली. माझी नोकरी बावीस वर्षे उगाच टिकलेली नाही.

दुसऱ्या बैठकीला तज्ज्ञ म्हणून एक कोशकार बोलावले. आयुष्यभर शब्द गोळा केलेला, खांद्याला कापडी पिशवी अडकवलेला वृद्ध माणूस. शिव्यांसाठी आपल्याला कोणीतरी सरकारी पत्र पाठवले याचा त्यांना इतका आनंद झाला होता की ते तासभर आधीच येऊन बसले होते.

"फार सोपं आहे," ते म्हणाले. "पुढे कुणाच्या तरी, आणि मग आईला. त्याच्या आईला, ह्याच्या आईला, असं काहीतरी मूळचं. रोजच्या वापरात पुढचं नाव झिजून गेलं आणि मागचं क्रियापदही गळून पडलं. आता मधला तुकडा तेवढा उरलाय. कुणाच्या आईला, ते माहीत नाही. आईला काय, तेही माहीत नाही. त्यामुळेच तर तो चारचौघांत चालतो."

"म्हणजे वाक्य अपूर्ण आहे?" अध्यक्षांचे डोळे चमकले. अपूर्ण कागद म्हणजे त्यांचा हातखंडा.

"पूर्ण अपूर्ण आहे."

"तरीच. आमच्या घरात असलं अर्धवट कधी ऐकू आलं नाही. वडील फार फार तर 'शिंच्या' म्हणायचे. मीही म्हणतो. आमच्या जावयाला तर मी हाकच तशी मारतो. ये रे शिंच्या, बस रे शिंच्या. त्यात माया असते. सचिव, सभ्य पर्याय म्हणून तो शब्द शिफारशीत घ्या. अकराव्या रकान्यात छापूनच टाकू."

कोशकारांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"तो नका घेऊ," ते म्हणाले.

"का? घ्या की."

"तो 'शिंदळीच्या' याचा आखूड झालेला आहे."

"म्हणजे?"

"शिंदळ म्हणजे व्यभिचारी बाई. तिचा मुलगा तो शिंदळीचा. बोलून बोलून त्याचा शिंचा झाला." कोशकार फार सौम्यपणे बोलत होते. "काय आहे साहेब, तुमच्या तपासनिसाच्या शब्दात आईला काय ते सांगायचं राहून गेलंय. तुमच्या शब्दात सांगून झालंय."

अध्यक्षांनी पाण्याचा ग्लास उचलला, तो रिकामा निघाला, तरी ते प्यायले. अकरा वर्षे ते जावयाला त्या नावाने हाक मारत होते, आणि त्यातली निम्मी वर्षे जावयाची आई समोरच्या सोफ्यावर बसलेली असे.

"विहीणबाई चांगल्या शिकलेल्या आहेत," ते स्वतःशीच म्हणाले. "दर वेळी हसायच्या."

"शिकलेल्या आहेत म्हणूनच हसत असतील," भांडारपाल बाई म्हणाल्या.

कोशकारांची साक्ष सीलबंद लिफाफ्यात घालून कपाटात ठेवण्यात आली आणि यापुढे समितीने तज्ज्ञांवाचून चालवावे असे एकमताने ठरले. मात्र वाक्य अपूर्ण आहे, हा त्यांचा मुद्दा अध्यक्षांनी उचलला. अपूर्ण अर्जावर निर्णय होत नसतो. त्यांनी काटेकोरला त्रुटीपूर्ततेची नोटीस काढली: उच्चारलेले वाक्य कोणाच्या आईविषयी होते आणि तिला काय, याचा पंधरा दिवसांत खुलासा करावा, अन्यथा काही सांगावयाचे नाही असे गृहीत धरले जाईल.

त्याचा खुलासा चौथ्या दिवशी आला. 'शब्द कोणाही व्यक्तीला उद्देशून नव्हता. समोर फक्त वजन होते. जे काही बोललो ते वजनाला बोललो.'

हे वाचून अध्यक्ष खुर्चीतून उठलेच. वजनाला बोलला, म्हणजे आई वजनाची. आणि आमच्या खात्यात वजनाची आई कोण, हे शिपायालाही ठाऊक आहे. तळघरातल्या थंड खोलीत दोन काचेच्या घुमटांखाली मूळ मानक ठेवलेले आहे. बाकीची सगळी वजने त्याच्यावरून जन्म घेतात. पाच वर्षांतून एकदा ती खोली उघडते, तेव्हा स्वतः अध्यक्षसुद्धा हातमोजे घालून आणि श्वास रोखून आत जातात. त्या मानकाबद्दल अपशब्द काढणे म्हणजे नोकरीवर पाणी सोडणे.

"बडतर्फी," अध्यक्ष म्हणाले. "दुसरा मार्गच नाही."

भांडारपाल बाईंनी विणकाम खाली ठेवले. त्या बैठकीत विणतात. याला कोणताही नियम आड येत नाही, मी पाहिले आहे.

"वजनाला आई नसते, साहेब," त्या म्हणाल्या. "असती तर तिने त्याला असं कुणाच्या पायावर पडू दिलं नसतं."

अध्यक्षांनी विचार केला. मानकाची बदनामी झाली असे लिहायचे, तर वरून मानकाची तपासणी लागणार, आणि गेली नऊ वर्षे ती खोली उघडलेलीच नव्हती. म्हणून ते पुन्हा खाली बसले. त्यांनी मुद्दा उलट्या बाजूने घेतला. अपघाताच्या वेळी खोलीत होते कोण? वजन आणि काटेकोर. वजनाला आई नाही. म्हणजे खोलीत आई असलेला इसम एकच. तेव्हा ज्या आईचा अवमान झाला, ती त्याची स्वतःची आई होय. तिला समन्स काढा.

समन्सचा मसुदा मी केला. 'आपल्या चिरंजीवांनी आपल्याविषयी संबंधित शब्द दोन वेळा उच्चारल्याचे निदर्शनास आले आहे. तरी आपण समितीसमोर समक्ष हजर राहून आपल्या भावना, असल्यास, मांडाव्यात.' काटेकोरने हात जोडले. "साहेब, तिला बसचा प्रवास झेपत नाही. हवं तर मला दोषी धरा, पण तिला बोलावू नका." मी त्याला समजावले की दोषी धरायचे की नाही हे आधी ठरवून चालत नाही, त्यासाठीच तर चौकशी असते.

ती आली. काठी टेकत, पाठीत वाकलेली, एका डोळ्याने कमी दिसणारी बाई. काखेत एक पिशवी, आणि पिशवीत पायाला चोळायच्या तेलाची बाटली. काटेकोर दाराशी उभा राहिला. त्याला आत बसायची परवानगी नव्हती.

"बसा, आई," अध्यक्ष भरल्या आवाजात म्हणाले. "आपल्याला झालेल्या यातना समितीला समजतात."

"यातना कमरेला झाल्यात," म्हातारी म्हणाली. "नऊ तास बस होती. आधी मला सांगा, याच्या पायाचं काय झालं? पत्रात त्याच्या तोंडाचं सगळं लिहिलंय, पायाचं काहीच नाही."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. पायाचा विषय समितीच्या कार्यकक्षेत नव्हता. सात महिने झाले होते, आणि तो अजून लंगडत होता खरा.

"आपल्या चिरंजीवांनी आपल्याविषयी संबंधित शब्द उच्चारला," अध्यक्ष म्हणाले.

"कुठला?"

"संबंधित."

"अहो, पण कुठला?"

"तो इथे उच्चारता येत नाही."

"मग मला इथे आणलंत कशाला? घरी तरी कळला असता." ती दाराकडे वळली. "काय म्हणालास रे?"

"च्यायला म्हणालो, आई," काटेकोर म्हणाला.

"किती वेळा?"

"दोनदा."

"वीस किलोला दोनदाच?" तिने आमच्याकडे पाहून मान हलवली. "पोरगं पहिल्यापासून कमीच बोलतं."

भांडारपाल बाईंना खोकला आला. तो बराच वेळ थांबेना.

"हा शब्द ते शिकले कुठे?" अध्यक्षांनी विचारले.

"कुठे म्हणजे? माझ्याकडे. दूध उतू गेलं की मी म्हणते. कडी बोटावर बसली की म्हणते. याचा बाप गेला, निरोप घेऊन माणूस दारात आला, तेव्हासुद्धा माझ्या तोंडून तेच आलं. रडू मागून आलं."

"आणि त्याचा अर्थ काय?"

"अर्थ कसला डोंबलाचा? लागलं, एवढाच अर्थ."

मला वाटते, आम्हाला त्या क्षणी अर्थ सापडला होता. माझे पेन कागदावर टेकलेही होते. पण 'लागले' असा अर्थ लिहिला, तर रकान्यात भरलेले उत्तर बिनचूक होते असे झाले असते. मग चौकशी कशाला, आणि समिती कशाला, असे प्रश्न आले असते. मी पेन उचलून घेतले. अध्यक्षांनीही तोच विचार केला असावा, कारण ते एकदम म्हणाले, "म्हणजे शब्द तुमच्याकडून आला."

"हो. सांगितलं की."

"सचिव, लिहून घ्या. उगम सापडला."

अहवालाला चार महिने लागले. तोवर 'प्रमुख साक्षीदाराने मुख्यालय सोडू नये' असा आदेश असल्याने म्हातारी मुलाच्या खोलीवर राहिली. पहिल्या दिवशी तिला तीन जिने चढायला पाऊण तास लागला. पण त्या चार महिन्यांत काटेकोर बदलला. दुपारच्या सुट्टीत तो घरी जाऊ लागला. त्याच्या सदऱ्याला सगळी बटणे दिसू लागली. पाय सुधारला, तेल चोळून असेल. एकदा तर तो काटा तपासताना शीळ घालत होता, आणि मी मुद्दाम थांबून ती ऐकली. मला बरे वाटले, हे मी कबूल करतो. ज्यासाठी माणसाने आठ अर्ज केले, ते त्याला एका अपशब्दाने मिळवून दिले होते.

मग अहवाल मंजूर होऊन आला. समितीने तपासनिसाला निर्दोष ठरवले होते. तो शब्दाचा केवळ वाहक आहे, उगम नव्हे. सबब त्याच्यावरील चौकशी बंद करण्यात येत आहे. चौकशी बंद झाली म्हणजे दाखला निघाला. दाखला निघाला म्हणजे बदलीचा आदेश, जो वर्षभर फाईलमध्ये तयार होता, तो आपोआप लागू झाला: चोवीस तासांत आईच्या गावच्या शाखेत रुजू व्हावे. आणि शब्दाच्या उगमाबाबतची चौकशी स्वतंत्रपणे पुढे चालू राहील, तोपर्यंत उगमाने मुख्यालय सोडू नये.

तो आदेश हातात घेऊन माझ्याकडे आला.

"साहेब, बदली रद्द करा. आई इथे आहे."

"बदली तुझ्याच विनंतीवरून झालीय. आठ अर्ज आहेत."

"आता नको आहे."

"तसा नववा अर्ज कर. पण बदलीविरुद्ध अर्ज करायचा, तर आधी तिथे रुजू व्हावं लागतं."

"मग तिला तरी सोडा. तिने कुणाचं काय केलंय?"

"ते अजून ठरायचंय," मी म्हणालो, आणि हे मी नियमाप्रमाणेच म्हणालो.

तो उभाच राहिला. त्याच्या तोंडून काही निघेल, असे मला वाटले होते. काही निघाले नाही. त्याने खिशातून खोलीची किल्ली काढून माझ्या टेबलावर ठेवली. "ही दुसरी किल्ली. पाणी सकाळी सात ते आठ येतं. तिला बादली उचलू देऊ नका," एवढे म्हणून तो बससाठी गेला. बादली आता भांडारपाल बाई भरतात असे ऐकतो. ते कोणत्याच शाखेचे काम नाही.

उगमाची चौकशी मागे मागे जात आहे. म्हातारीने जबाब दिला की शब्द तिला सासूकडून मिळाला. सासू वारली, म्हणून सासूच्या मृत्यूचा दाखला मागवला आहे. सासूला कोणाकडून मिळाला, हे त्यानंतर पाहायचे आहे. तोवर म्हातारीने रोज कार्यालयात येऊन हजेरीच्या रजिस्टरवर सही करायची असते. ती अकराच्या सुमारास येते. तीन जिने उतरून, काठी टेकत, वाटेत दोनदा बसून. रजिस्टर माझ्या टेबलावर असते. सही झाली की ती समोरच्या बाकावर दम खात बसते आणि मी काम करतो.

परवा ती बसल्या बसल्या म्हणाली, "तुझी आई आहे का रे?"

"आहे. याच गावात, धाकट्या भावाकडे."

"किती लांब?"

"चालत पंचवीस मिनिटं."

"तुझ्यावर चौकशी चाललीय का कसली?"

"नाही."

"गाव सोडू नको म्हणून कुणी कागद दिलाय?"

"नाही."

"मग शेवटचा कधी गेला होतास?"

मी म्हणालो, नोंद पाहून सांगतो. तोंडातून निघून गेले. तिने काठी उचलली आणि हळूहळू दाराबाहेर पडली. मी मात्र खरोखरच टेबलाचा खण उघडला, डायरी काढली, मागची पाने चाळली. रजा, बैठका, दौरे, अहवालाच्या तारखा, सगळे व्यवस्थित होते. ती तारीख कुठे नव्हती.

वाचकहो, इथवर तुम्ही आमच्या कार्यालयाला पोटभर हसला असाल. हसा, आम्ही त्याच लायकीचे आहोत. पण आलेला प्रश्न पुढे पाठवायची मला जुनी सवय आहे, म्हणून म्हातारीचा प्रश्न तुमच्याकडे पाठवतो. तुमची आई कुठे असते, किती लांब, आणि शेवटचे कधी गेला होतात? घाई नाही. नोंद पाहून सांगितले तरी चालेल.